पावसाळाभर शेडमध्ये उभ्या राहिलेल्या सहा बग्ग्या : बॅटऱ्यांच्या साठवणीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरचा एक रिसॉर्ट. जांभ्याच्या उतारावर खोल्या विखुरलेल्या, रिसेप्शन वर आणि समुद्र खाली. पाहुणे आणि त्यांच्या बॅगा ने-आण करायला सहा गोल्फ कार्ट आहेत. तिथे त्यांना सगळे बग्गीच म्हणतात, मीही तेच म्हणतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात रिसॉर्ट बंद होतो आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला उघडतो. मधले चार महिने तिथे एक केअरटेकर काका आणि एक माळी एवढेच असतात.

प्रत्येक बग्गी ४८ व्होल्टची. सीटखाली ८ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या, प्रत्येकी १७० अँपिअर-अवरच्या (किती करंट किती तास पुरतो, याचं हे माप), पाणी टाकायच्या लेड-ॲसिड जातीच्या. सहाही सेट एकाच वेळी घेतलेले, त्यांचं तिसरं वर्ष चालू होतं. नीट निगा राखली तर अशा बॅटऱ्या पाच-सहा वर्षं सहज काढतात. म्हणजे त्या अर्ध्या वयाच्या होत्या.

या बग्ग्यांबरोबर येणारी माहितीपुस्तकं बहुतेक बर्फाच्या देशांतली असतात. तिथे गोल्फ क्लब हिवाळ्यात बंद होतात, गाड्या थंडगार शेडमध्ये उभ्या राहतात. थंडीत बॅटरी आपोआप उतरण्याचा वेग खूप कमी असतो. तिथली मुख्य भीती ही की उतरलेल्या बॅटरीतलं ॲसिड गोठेल आणि डबा फुटेल. आपल्याकडे उलट आहे. आपला बंद हंगाम पंचवीस-तीस अंशांचा, दमट आणि खारा. तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरी आपोआप उतरण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. त्यामुळे ‘पूर्ण चार्ज करा आणि हिवाळाभर विसरून जा’ हा तिकडे चालणारा सल्ला कोकणातल्या पावसाळ्याला लागू पडत नाही. महिन्याला आठ-दहा टक्के चार्ज काही न करताच जातो, असं धरूनच चालावं लागतं.

काय झालं

ऑक्टोबरच्या सुरुवातीला मला फोन आला तो ‘सगळ्या बग्ग्या बसल्या, नवीन बॅटऱ्यांचं कोटेशन द्या’ असा. मॅनेजरांनी मुख्य कार्यालयाला सहा सेटचा खर्च कळवूनही टाकला होता. कोटेशन देण्याआधी एकदा बघू द्या, एवढीच विनंती मी केली.

शेड म्हणजे तीन बाजूंनी जांभ्याच्या भिंती आणि वर पत्रा. अरुंद असल्यामुळे बग्ग्या तीन-तीनच्या दोन रांगांत लावाव्या लागतात. प्रत्येकीचा चार्जर भिंतीवरच्या प्लगात व्यवस्थित लावलेला होता. चार्जरचे दिवे मात्र बंद.

कागदपत्रं पाहिली तर घोळ लगेच कळला. बंद करतानाच्या यादीत मॅनेजरांनी लिहिलं होतं, ‘सहाही बग्ग्या चार्जिंगला लावल्या आहेत.’ त्याच यादीत इलेक्ट्रिशियनने खाली लिहिलं होतं, ‘विजांमुळे शेडचा एमसीबी बंद केला आहे.’ एमसीबी म्हणजे शेडची वीज तोडणारा स्विच. दोघांनीही आपापलं काम बरोबर केलं होतं. दोन्ही ओळी एकत्र कुणीच वाचल्या नाहीत. काकांना कुणी काहीच सांगितलं नव्हतं. ते रोज शेडला कुलूप आहे ना एवढं बघून जात होते.

मोजमाप आणि निदान

पहिला निर्णय इथेच होता. एमसीबी चालू करायचा, सहाही चार्जर सुरू करायचे आणि संध्याकाळपर्यंत काय होतंय ते बघायचं, हा सगळ्यांना सुचलेला मार्ग. तो मी थांबवला. चार्ज लावला की कोणती बॅटरी किती उतरली होती याचा पुरावा पुसला जातो, आणि पाणी खाली गेलेलं असेल तर उघड्या प्लेटा तापून कायमच्या खराब होतात. आधी मल्टीमीटर, मग झाकणं उघडून पाणी, मग हायड्रोमीटर (ॲसिड किती दाट आहे ते दाखवणारी नळी) असा क्रम ठरवला.

पूर्ण चार्ज झालेली आणि काही तास शांत उभी असलेली ८ व्होल्टची बॅटरी साधारण ८.४९ व्होल्ट दाखवते, म्हणजे सहांचे मिळून ५०.९. अर्धी उतरली की तीच ८.०७ वर येते. आकडे एवढे जवळजवळ असतात म्हणून डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबून चालत नाही.

मागच्या रांगेतल्या पहिल्या दोन बग्ग्या ४९ व्होल्टच्या आसपास निघाल्या. चार महिन्यांत आपोआप जेवढं उतरायचं तेवढंच उतरलं होतं, साठ टक्के शिल्लक. पुढच्या रांगेतल्या दोन ४६.६ वर, म्हणजे वीस टक्के. सहावी फक्त ३१ व्होल्ट. एकाच वयाच्या, एकाच शेडमधल्या, तेवढेच दिवस उभ्या असलेल्या गाड्यांत एवढा फरक कसा?

उत्तर सीटखालच्या एका छोट्या स्विचमध्ये सापडलं. त्याला ‘रन’ आणि ‘टो’ अशा दोन जागा असतात. टो वर ठेवला की कंट्रोलरचा, म्हणजे मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणाऱ्या डब्याचा, पुरवठा तुटतो आणि गाडी ढकलता येते. मागच्या रांगेतल्या तिन्ही बग्ग्या पोरांनी हाताने ढकलून बसवल्या होत्या, म्हणून त्यांचा स्विच टो वर होता आणि तसाच राहिला. पुढच्या तिन्ही चालवत आणल्या, चावी काढली आणि झालं. चावी काढली तरी स्विच रन वर असेपर्यंत कंट्रोलर आणि त्याच्याबरोबरची साधनं थोडा थोडा करंट ओढत राहतात. इथे मोजला तर तीस मिलिअँपिअरच्या आसपास भरला. ऐकायला काहीच नाही. चार महिन्यांत मात्र तो ८६ अँपिअर-अवर खातो, म्हणजे अर्धी बॅटरी. बाकीचं आपोआप उतरणं वेगळं.

सहाव्या बग्गीवर दुहेरी मार होता. शेवटच्या दिवशी पाहुण्यांचं आणि मग कर्मचाऱ्यांचं सामान तिनेच वाहिलं, त्यामुळे ती शेडमध्ये शिरली तेव्हाच अर्धी उतरलेली होती. शिवाय तिच्या मागच्या दोन बॅटऱ्यांत पाणी प्लेटांच्या खाली गेलं होतं.

तिसरी बग्गी सगळ्यात शिकवणारी. ती मागच्या रांगेत होती, स्विच टो वर होता, तरी एकूण व्होल्टेज ४४.७. एकूण आकडा पाहिला तर सेटच गेला असं कुणीही म्हणेल. एकेक बॅटरी मोजली तेव्हा चित्र बदललं : चार बॅटऱ्या ८.१५, आणि उरलेल्या दोन ५.९ आणि ६.२. म्हणजे चार धडधाकट, दोनच रिकाम्या. त्या दोन बॅटऱ्यांच्या टोकांवरून एक लाल-काळी वायर निघून सीटच्या मागे गेली होती. कुणीतरी म्युझिक सिस्टीम बसवताना दोन बॅटऱ्यांचे १६ व्होल्ट काढून छोट्या कन्व्हर्टरला (व्होल्टेज बदलून देणाऱ्या डबीला) जोडले होते, आणि पुढे जीपीएस ट्रॅकरही त्यालाच लटकवला होता. ही जोडणी टो स्विचला वळसा घालून गेलेली. करंट मोजला तर ६० मिलिअँपिअर. दिवसाला १.४४ अँपिअर-अवर, १२० दिवसांत १७३. बॅटरीची पूर्ण क्षमताच १७०. आपोआप उतरणं धरलं तर त्या दोन बॅटऱ्या श्रावणातच रिकाम्या झाल्या असणार, आणि पुढचे सगळे दिवस तशाच रिकाम्या उभ्या राहिल्या.

बॅटरीचं खरं नुकसान या रिकाम्या उभं राहण्यात होतं. बॅटरी उतरते तेव्हा प्लेटांवर लेड सल्फेट जमतं. ते ताजं, बारीक असतं तोवर चार्जिंगमध्ये पुन्हा विरघळतं. आठवडे गेले की त्याचे खडे कडक आणि मोठे होतात, आणि मग कितीही चार्ज केलं तरी ते पूर्ण सुटत नाहीत. तेवढा प्लेटचा भाग कायमचा कामातून जातो.

पुढे काय करायचं : पर्याय

सहाही सेट बदलणं हा मॅनेजरांचा पर्याय होता. त्यात त्यांची घाई समजण्यासारखी होती. दिवाळीचं बुकिंग लागलेलं होतं. पण दोन बग्ग्यांना काहीच झालेलं नव्हतं आणि आणखी दोन सुधारतील अशी दाट शक्यता होती, तेव्हा छत्तीस बॅटऱ्या भंगारात घालणं मला पटेना.

दुसरा पर्याय तालुक्याच्या एका गॅरेजवाल्याने सुचवला : ‘ॲसिड बदलून देतो.’ हा सल्ला आपल्याकडे इतक्या सहज दिला जातो की त्याबद्दल सविस्तर सांगतो. उतरलेल्या बॅटरीची ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिडाचा दाटपणा, कमी दिसते कारण ॲसिडातला सल्फेट प्लेटांवर जाऊन बसलेला असतो. तो तिथून सुटला की ॲसिड आपोआप पुन्हा दाट होतं. तो सुटण्याआधीच वरून नवं ॲसिड ओतलं तर हायड्रोमीटरचा आकडा छान दिसतो, पण प्लेटा तशाच आजारी राहतात आणि जास्त दाट ॲसिडात लवकर झिजतात. बॅटरी सांडली नसेल तर तिच्यात फक्त डिस्टिल्ड पाणी जातं. बाजारात मिळणाऱ्या ‘संजीवनी’ छाप पावडरी आणि द्रवांनाही मी याच कारणाने नकार दिला.

तिसरा पर्याय लिथियमचा. वजन कमी, पाणी नको, आणि अर्ध्या चार्जवर महिनोन्‌महिने ठेवली तरी तक्रार नाही. साठवणीच्या बाबतीत ती नक्कीच उजवी. पण चार्जर बदलावे लागतात आणि सहा गाड्यांचा खर्च एकदम उभा राहतो. मुख्य कार्यालयाने तो पुढच्या बदलीच्या वेळी विचारात घ्यायचं ठरवलं. मलाही ते योग्य वाटलं, कारण साठवणीचा घोळ न सोडवता लिथियम घेतलं असतं तर त्याच कन्व्हर्टरने तीही हळूहळू रिकामी केली असती.

राहिला चौथा : एकेक बॅटरी सावकाश चार्ज करून, मोजून, मग ठरवणं. वेळखाऊ, पण दिवाळीला अजून अवधी होता. तोच घेतला.

काय केलं

खाण्याचा सोडा पाण्यात कालवून बॅटऱ्यांचे वरचे भाग आणि टर्मिनल धुतले, झाकणं घट्ट लावून. सोड्याचा थेंब आत जाता कामा नये. टर्मिनलवर फुललेला पांढरा-हिरवट थर त्याने फसफसून सुटतो. तो थर आणि खाऱ्या हवेचा ओलावा मिळून बॅटरीच्या पाठीवरूनच बारीक करंट वाहत असतो, तोही थांबला.

मग पाणी. जिथे प्लेटा उघड्या होत्या तिथे फक्त त्या बुडतील एवढंच. चार्जिंगमध्ये पातळी वर चढते. आधीच गळ्यापर्यंत भरलं तर ॲसिड उतू जातं आणि सीटखालची चौकट खातं. पूर्ण भरणं चार्ज झाल्यानंतरच.

पहिल्या दोन बग्ग्या त्यांच्याच चार्जरवर लावल्या आणि दुसऱ्या सकाळी सगळ्या सेलांची (बॅटरीतल्या कप्प्यांची) ग्रॅव्हिटी १.२७० च्या पुढे मिळाली. त्यांचं काम तिथे संपलं. चौथी आणि पाचवीही चार्ज झाल्या, पण सेल-सेलमध्ये फरक राहिला : कुठे १.२६५, कुठे १.२२५. हा फरक ०.०३० च्या वर गेला की इक्वलायझिंग करावं लागतं, म्हणजे पूर्ण चार्जनंतर थोड्या करंटने मुद्दाम जास्त वेळ चार्ज. बग्गीच्या चार्जरला ती सोय नव्हती. तालुक्यातल्या बॅटरीच्या दुकानातून करंट कमी-जास्त करता येणारा जुना रेक्टिफायर, म्हणजे हाताने चालवायचा चार्जर, आणला, कंट्रोलरची मुख्य केबल सोडवून ठेवली आणि ५ अँपिअरवर लावला. व्होल्टेज ६२ च्या वर गेलं, सेल उकळल्यासारखे फुसफुसू लागले. या वेळी हायड्रोजन सुटतो. हवेत तो ४ टक्के झाला तरी ठिणगीने पेटतो, आणि हलका असल्यामुळे पत्र्याखाली साचतो. म्हणून हे काम बग्ग्या अंगणात काढून, उघडीप असलेल्या दिवशी केलं. दर तासाला ग्रॅव्हिटी लिहायची आणि ती वाढायची थांबली की बंद करायचं, हा नियम.

तिसरीतल्या दोन रिकाम्या बॅटऱ्या आणि सहावीतल्या सहाही गाडीच्या चार्जरवर लागणारच नव्हत्या. असे आपोआप चालणारे चार्जर आधी बॅटरीचं व्होल्टेज तपासतात आणि ते फार खाली असेल तर सुरूच होत नाहीत. चार्जर बिघडला असं समजून इथे बरेच जण चार्जरही बदलतात! आम्ही एकेक बॅटरी सुटी करून रेक्टिफायरवर लावली. तिसरीतल्या त्या दोन्ही बॅटऱ्या ५ अँपिअरवर काही मिनिटांतच १० व्होल्टच्या वर उसळल्या. बॅटरी भरल्याची ही खूण नाही. प्लेटा सल्फेटने झाकल्या गेल्या आहेत आणि करंट आत शिरत नाहीये, असा तिचा अर्थ. करंट आणखी कमी करून त्या कित्येक दिवस ठेवल्या. एकीची ग्रॅव्हिटी १.१९० ला अडली, दुसरीचे दोन सेल १.१५० च्या वर गेलेच नाहीत. सहावीतल्या ज्या दोन कोरड्या पडल्या होत्या त्यातल्या एकीचा एक सेल पूर्ण गेलेला, दुसरी चार्ज होई पण रात्रभरात पुन्हा उतरे. उरलेल्या चार मात्र १.२५० पर्यंत आल्या.

आता हाताशी तिसरीतल्या चार आणि सहावीतल्या चार, अशा आठ बऱ्या बॅटऱ्या होत्या. तिसरीत दोन आणि सहावीत दोन नव्या टाकायच्या, हा सुचणारा उपाय. पण जुन्या सेटमध्ये नवी बॅटरी टाकली की ती जुन्यांच्या चालीने झिजते आणि तिचे पैसे वाया जातात. म्हणून आठांतल्या उत्तम सहा निवडून एका बग्गीत बसवल्या, दोन जादा म्हणून ठेवल्या, आणि दुसऱ्या बग्गीत अख्खा नवा सेट घातला. सहा सेटच्या जागी एक सेट. गेलेल्या चार बॅटऱ्या दुकानदाराने बायबॅकमध्ये घेतल्या. शिसं आणि ॲसिड भंगारवाल्याकडे सुटं जाऊ नये म्हणून ते नोंदवून घ्यायला सांगितलं.

पुढच्या पावसाळ्याची तयारी

इथे मॅनेजरांचा प्रश्न रास्त होता : मग चार्जर कायम चालूच का ठेवू नये? हे चार्जर साधे होते, आणि सतत जोडलेल्या साध्या चार्जरवर बॅटरी पाणी उडवत राहते. बघायला तिथे कुणी नाही. शिवाय किनाऱ्यावर वीज दिवसेंदिवस जाते आणि येते तेव्हा दणका देऊन येते. विजांच्या भीतीने एमसीबी बंद ठेवण्याचा इलेक्ट्रिशियनचा निर्णय माझ्या मते योग्यच होता. बॅटऱ्या काढून कोठीत ठेवायचं कुणी म्हणालं, तर एकेक बॅटरी तीस किलोच्या घरात, छत्तीसांचं वजन टनाच्या वर; चढउतारात कुणाची तरी कंबर जायची. (सिमेंटच्या फरशीवर ठेवली की बॅटरी उतरते, हा समज रबरी डब्यांच्या जमान्यातला. आजच्या प्लॅस्टिकच्या डब्याला फरशीचा काही फरक पडत नाही.)

ठरलं ते असं : बंद करण्याआधी पूर्ण चार्ज, पाणी, ग्रॅव्हिटीची नोंद. सगळे स्विच टो वर. म्युझिक आणि ट्रॅकरच्या वायरला वेगळा कट-ऑफ. मग महिन्यातून एकदा, उघडीप बघून, काकांनी एमसीबी चालू करायचा, एका वेळी दोनच बग्ग्या लावायच्या, समोर थांबायचं, चार्जर बंद झाले की एमसीबी पुन्हा बंद. वीज नसेल तर जनरेटर. एका खेपेला बग्गीमागे दोन-तीन युनिट लागतात, त्याहून जास्त नाही. काकांना मल्टीमीटर धरायला शिकवलं, सहा रकान्यांची वही दिली आणि या कामाचा वेगळा भत्ता लावून घेतला. भत्त्यासाठी मी आग्रह धरला होता. शेडला कुलूप बघणं आणि बॅटरी सांभाळणं ही दोन वेगळी कामं आहेत.

निकाल

पुढच्या ऑक्टोबरात पाच बग्ग्या ५० व्होल्टच्या वर निघाल्या आणि त्याच दिवशी चढावर धावल्या. दुसरी बग्गी ४९.३ वर होती. वहीत कारण होतं : गणपतीत काका घरी गेले, परतले तेव्हा लाईन नव्हती आणि जनरेटरला डिझेल नव्हतं, त्यामुळे तिची खेप चुकली. रात्रभर चार्ज केल्यावर तीही जागेवर आली. चौथी आणि पाचवी चालतात, पण एका चार्जमध्ये पहिल्या दोघींइतक्या फेऱ्या मारत नाहीत. गेलेल्या क्षमतेचा काही भाग इक्वलायझिंगने परत आला नाही, आणि तो आता येणारही नाही. त्यांना जवळच्या खोल्यांच्या फेऱ्या दिल्या आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या मे महिन्यात ग्रॅव्हिटीची नोंद असती तर कोणता सेल आधीपासूनच कमजोर होता आणि कोणता पावसाळ्याने मारला, हे सांगता आलं असतं. सहावीतल्या मेलेल्या सेलबद्दल मला आजही ते ठामपणे सांगता येत नाही.

जुलैच्या शेवटी कुणी नुसता मल्टीमीटर लावला असता तर तिसरीतल्या दोन बॅटऱ्या नक्की वाचल्या असत्या. तोवर त्या पूर्ण रिकाम्या झालेल्या नव्हत्या. महिनाभराच्या अंतराचा आग्रह मी त्यासाठीच धरतो. तीन महिन्यांनी एकदा चार्ज करा, असं पुस्तकात असतं ते थंड शेडसाठी.

म्युझिक सिस्टीम बसवणाऱ्याला ४८ वरून १२ करणारा कन्व्हर्टर टो स्विचच्या पुढे जोडायला सांगितलं असतं तर दोनच बॅटऱ्यांवर भार पडला नसता. ही जोडणी आता तशी बदलली आहे, आणि बग्गीला कुणीही काहीही नवं लावण्याआधी इलेक्ट्रिशियनची सही लागते.

गणपतीच्या खेपेचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. त्या दिवसांत कोकणात कुणाला कामावर थांबवणं शक्य नाही आणि थांबवूही नये. यंदा ती खेप चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात घ्यायची आणि डिझेलचा कॅन जुलैतच भरून ठेवायचा, असं वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं आहे.